मैत्रीण, बाग आणि हजारो वर्षं जुने दगड: एका दिवसात तिन्ही कसं जमवायचं

लांब राहणाऱ्या मैत्रिणीला भेटायला जायचंय, जाता जाता वाटेत एक चांगली बाग आहे आणि तिच्या घरापासून अर्ध्या तासावर कुठल्यातरी माळावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी उभे केलेले दगड आहेत. असं जुळून आलं की पहिल्यांदा जाणारा माणूस काय करतो, मॅप उघडतो, तीन ठिकाणं टाकतो, एकूण रस्ता किती तासांचा ते बघतो आणि म्हणतो, अरे हे तर आरामात होईल. तसं होत नाही. गाडी चालवायचा वेळ मॅप बरोबर सांगतो, पण बागेत पाय रेंगाळतात, मैत्रिणीकडे गप्पा संपत नाहीत आणि दगडांपाशी पोचेपर्यंत उजेड गेलेला असतो.

मी असे बरेच दिवस काढलेत आणि एक दिवस माझा फार वाईट गेला तोही सांगते, कारण सगळा प्लॅन मी त्यानंतर बदलला. आधी दगड, मग बाग आणि मैत्रीण सगळ्यात शेवटी असं ठरवलं होतं, चारला येते म्हणाले आणि पोचले साडेसहाला. ती दारातच उभी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला प्रवासाला निघायचं होतं, बॅगा भरायच्या राहिल्या होत्या, त्यामुळे दोन वर्षांनी भेटून आमच्या वाट्याला जेमतेम चाळीस मिनिटं आली. दगड तिथे पाच हजार वर्षं उभे होते, ते पुढच्या महिन्यातही असते. म्हणून आता मी आधी माणसाची वेळ पक्की करते, मग सूर्याची बघते आणि उरलेल्या वेळात बाकी सगळं बसवते. खाली सगळं त्याच क्रमाने लिहिलंय.

पायरी १: मॅप उघडायच्या आधी फोन करा

मेसेज नको, फोनच करा, कारण चार गोष्टी बोलता बोलताच कळतात. तुला कधी वेळ आहे एवढंच विचारून थांबू नका. घरी कुणी आजारी आहे का, दुपारी कुणी झोपतं का, आपण किती जण येतोय ते चालेल का, कुत्रा असेल तर आपल्याबरोबरची लहान मुलं घाबरतील का, हे सगळं आधीच विचारून घ्या. आणि दोन वेळा ठरवा, यायची आणि निघायची. निघायची वेळ ठरवायला आपल्याला संकोच वाटतो, पण ती ठरली की समोरचा माणूसही मोकळा होतो, त्याला संध्याकाळचं त्याचं काय ते बघता येतं.

दुसरं म्हणजे, तू येतेस का आमच्याबरोबर दगड बघायला, असं नक्की विचारा. तिथे राहणाऱ्या माणसाला जे माहीत असतं ते कुठल्याच वेबसाइटवर नसतं. पाऊस झाला की कुठल्या बाजूने चिखल होतो, कुठलं फाटक उघडं असतं, शेतात आत्ता पीक आहे की गुरं चरतायत, गाडी कुठे लावली तर ट्रॅक्टरला अडचण होत नाही, हे सगळं ती एका मिनिटात सांगते. शिवाय मला अनुभव असा आलाय की जवळ राहणारी माणसं स्वतः त्या दगडांकडे वर्षानुवर्षं गेलेली नसतात आणि तुमच्या निमित्ताने जाऊन येतात. समोरासमोर बसून दोन तास बोलण्यापेक्षा शेजारी शेजारी चालत बोललेलं जास्त मोकळं असतं, निदान माझं तरी तसं आहे.

तिला फार चालवत नसेल तर तेही स्पष्ट विचारा, वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. मग दगड तुम्ही एकट्याने बघा आणि बाग तिच्याबरोबर बघा, क्रम बदला. बागेत सपाट रस्ते असतात, बाकं असतात, बऱ्याच मोठ्या बागांमध्ये व्हीलचेअरही मिळते, फक्त आधी फोन करून सांगावं लागतं.

पायरी २: दगड कुठले आणि तिथे जाऊ देतात का

सगळ्या जुन्या दगडांपाशी सारखंच जाता येत नाही आणि नवीन माणूस इथे सगळ्यात जास्त फसतो. इंग्लंडमधलंच उदाहरण घ्या. स्टोनहेंजला नेहमीच्या तिकिटावर तुम्ही वर्तुळाच्या आत जाऊच शकत नाही, आखलेल्या वाटेवरून बाहेरून फिरता, आत जायचं तर पहाटे किंवा संध्याकाळी, नेहमीच्या वेळेच्या बाहेर, वेगळं बुकिंग लागतं. आणि तिथून तासाभराच्या आतच एव्हबरी आहे, जगातलं सगळ्यात मोठं शिलावर्तुळ, तिथे मात्र तुम्ही दगडांमधून चालू शकता, वर्तुळाच्या आत अर्धं गाव वसलंय, मेंढ्या चरत असतात. फ्रान्समध्ये कार्नाकला तीन हजारांहून जास्त दगड रांगांनी उभे आहेत, २०२५ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले, तिथे उन्हाळ्याच्या मोसमात रांगांमध्ये फक्त गाईडबरोबर सोडतात कारण हजारो पायांनी गवत मरतं आणि माती वाहून दगडांची मुळं उघडी पडतात, थंडीत मोकळं असतं. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज म्हणजे मोठ्या ढिगाऱ्याखालचं दगडी थडगं, त्याच्या आत गाईडशिवाय जाताच येत नाही.

म्हणून आधी बघा की तुमचं ठिकाण यातलं कुठलं आहे: तिकीट आणि वेळ ठरलेलं, मोकळं पण सरकारी देखरेखीतलं, की कुणाच्या तरी शेतातलं. शेतातलं असेल तर मालकाला विचारल्याशिवाय आत जायचं नाही, मग तिथे बोर्ड असो वा नसो. बहुतेक शेतकरी हो म्हणतात, पण विचारलेलं त्यांना आवडतं आणि गुरं कुठल्या बाजूला आहेत तेही सांगतात.

पहिल्यांदाच जात असाल तर मी म्हणेन की नाव फार मोठं असलेलं ठिकाण सोडा आणि छोटं, मोकळं, कमी गर्दीचं निवडा. प्रसिद्ध ठिकाणी तुम्ही माणसं बघता. दहा-बारा दगडांचं एखादं वर्तुळ, आजूबाजूला कुणी नाही, तिथे अर्धा तास नुसतं बसता येतं.

पायरी ३: सूर्य बघा

दगड दुपारी बघू नका. एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी पुरे. डोक्यावर सूर्य असला की दगड सपाट दिसतो, नुसता करडा ठोकळा, त्यावरची खोदकामं, टोचे मारलेल्या खुणा, वाटीसारखे खळगे, काही काही दिसत नाही. उजेड तिरका पडला की प्रत्येक खड्ड्यात सावली भरते आणि दगड बोलायला लागतो.

याचं सगळ्यात छान उदाहरण स्टोनहेंजचंच आहे. १९५३ च्या जुलैमध्ये रिचर्ड ॲटकिन्सन नावाचे पुरातत्त्वज्ञ तिथल्या एका दगडावर सतराव्या शतकात कुणीतरी कोरलेल्या अक्षरांचा फोटो काढायला थांबले होते, उजेड-सावली स्पष्ट यावी म्हणून त्यांनी दुपार उलटून ऊन कलायची वाट बघितली, आणि कॅमेऱ्यातून बघताना त्यांना त्या अक्षरांच्या खाली एक खंजीर आणि कुऱ्हाडी कोरलेल्या दिसल्या. शेकडो वर्षं लोक तो दगड बघत होते, मोजमापं घेत होते, चित्रं काढत होते, आणि हजारो वर्षांपूर्वीची ती कोरीव कामं कुणाच्या नोंदीत नव्हती. कललेल्या उन्हाने दाखवली.

तर, ज्या दिवशी जाणार त्या दिवशीची सूर्यास्ताची वेळ आधी काढा आणि त्याच्या दीड-दोन तास आधी दगडांपाशी पोचायचं ठरवा. म्हणजे बघून होतं, आणि अंधार व्हायच्या आत गाडीपर्यंत परतताही येतं. अनोळखी माळावर अंधारात फाटक शोधणं हे काही गंमतीचं नसतं. ढगाळ दिवस असेल तर निराश होऊ नका, बारीक खोदकाम बघायला टॉर्च घ्या आणि दगडाला जवळजवळ समांतर धरून बाजूने उजेड पाडा, समोरून मारला तर काहीच दिसत नाही. आणि ढगाळ दिवस बागेसाठी उत्तम असतो, फुलांचे रंग उन्हात फोटोत उडून जातात ते ढगाळ हवेत खरे येतात.

म्हणजे क्रम आपोआप ठरला: सकाळी बाग, दुपारी मैत्रीण, संध्याकाळी दगड. ज्यांना पहाटे उठवतं त्यांनी हे उलटं करायला हरकत नाही, पहाटेचं ऊनही तितकंच तिरकं असतं आणि दगडांपाशी कुणीच नसतं, पण मग बाग संध्याकाळी येते आणि बागा लवकर बंद होतात.

पायरी ४: वेळेचं गणित

दहा तासांचा दिवस धरा. तीन तास रस्ता, सगळे टप्पे मिळून, त्याहून जास्त नको. दोन तास बाग, अडीच तास मैत्रीण, दीड तास दगड. नऊ झाले. दहावा तास मोकळा सोडा आणि त्यात काहीही बसवायचं नाही, वाटेत अजून एक काहीतरी जुनं दिसलं तरी नाही. रस्ता बंद निघतो, पार्किंग मिळत नाही, कुणाचं तरी लहान मूल गाडीत आजारी पडतं, त्या सगळ्यासाठी तो तास आहे.

रस्ता तीन तासांपेक्षा जास्त होत असेल तर तिन्हीतलं एक सोडा, बाग सोडा किंवा दगड सोडा. मैत्रिणीच्या वेळातून काटायचं नाही.

पायरी ५: बाग

बागेचं बुकिंग लागतं का ते बघा आणि दोन वेळा वेगळ्या लिहून घ्या, बंद व्हायची आणि शेवटच्या प्रवेशाची, कारण बऱ्याच ठिकाणी शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या अर्धा-एक तास आधीच थांबतो. काचघर असेल तर ते बागेच्याही आधी बंद होऊ शकतं. सकाळी गेट उघडताच आत गेलात तर हे सगळे प्रश्न राहतच नाहीत, माळी कामावर असतात, पाणी घातलेलं असतं, मातीचा वास असतो, आणि माळ्याला काही विचारलं तर तो थांबून सांगतो. दुपारी तोच माळी गर्दीत सापडतही नाही.

पूर्ण बाग बघायच्या मागे लागू नका. दोन तासांत मोठी बाग होत नाही आणि करायला गेलं की काहीच लक्षात राहत नाही. आत जाताना विचारा की आत्ता काय फुललंय, आणि तो एक भाग नीट बघा. त्याशिवाय एक झाड निवडा. इटलीत पादुआची बाग १५४५ पासून त्याच जागेवर आहे आणि तिथे १५८५ मध्ये लावलेलं एक ताडाच्या जातीचं झाड अजून जिवंत आहे, त्याच्यासाठी वेगळं काचघर बांधलंय. अशा झाडापुढे दहा मिनिटं उभं राहिलं की संध्याकाळच्या दगडांची तयारी होते असं मला वाटतं, काळ म्हणजे काय ते जरा अंगात उतरतं.

झाडाचा फोटो काढला की लगेच त्याच्या पाटीचा फोटो काढा. हे न केल्याने माझ्याकडे शेकडो फोटो असे पडलेत की ते काय आहे मला आता सांगता येत नाही.

काही ठिकाणी बाग आणि दगड वेगळे नसतातच, तसं ठिकाण वाटेत असेल तर एक टप्पा वाचतो. श्रीलंकेत सिगिरियाला पाचव्या शतकात काश्यप राजाने प्रचंड खडकाच्या पायथ्याशी बाग केली, आधी पाण्याची बाग, मग मोठमोठ्या शिळांमधली बाग, आणि तिथली कारंजी आजही पावसाळ्यात उडतात, दीड हजार वर्षं झाली. जपानमध्ये क्योटोच्या रिओआनजी मंदिरात तर बागेत झाडच नाही जवळपास, पांढरी खडी आणि पंधरा दगड, आणि व्हरांड्यात कुठेही बसलात तरी एका वेळी चौदाच दिसतात. जागा बदलली की लपलेला दिसतो आणि दुसरा लपतो. तिथे दोन तास लागत नाहीत, पण घाई करूनही चालत नाही.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही आणि जी मला फार महत्त्वाची वाटते. बूट घासा. बागेतून मैत्रिणीच्या घरी जाता, तिच्याकडेही झाडं असतात, तिथून माळावर जाता, आणि तुमच्या तळव्याला लागलेली माती तुमच्याबरोबर सगळीकडे फिरते. त्या मातीत तणाचं बी असतं आणि रोगही असतो. न्यूझीलंडमध्ये कौरी नावाचे हजार-हजार वर्षं जगणारे वृक्ष मातीतून पसरणाऱ्या फायटोफ्थोरा रोगाने मरतायत, म्हणून तिथे जंगलवाटांच्या तोंडाशी बूट घासून जंतुनाशक लावायची व्यवस्था केलीय आणि काही वाटा बंदच केल्यात. एक जुना ब्रश गाडीत ठेवा, बागेतून निघताना तळवे कोरडे घासा, मैत्रिणीकडून निघताना पुन्हा घासा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि बागेतून फांदी, शेंग, बी, काही म्हणजे काही तोडून आणायचं नाही. सगळ्यांनी एकेक शेंग नेली तर बाग राहणार नाही. मैत्रिणीने स्वतःच्या झाडाची फांदी दिली तर आनंदाने घ्या, ओल्या कागदात गुंडाळून, पण तुम्ही दुसऱ्या देशातून आला असाल तर नको, झाडं-माती सीमेपलीकडे न्यायला रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ते नियम उगाच केलेले नाहीत.

पायरी ६: मैत्रिणीकडे

इथे मी काय सांगणार. ठरलेल्या वेळेला पोचा, दहा मिनिटं उशीर होत असेल तरी वाटेतून कळवा. फोन बाजूला ठेवा. बागेतले फोटो दाखवायचे तर पाच दाखवा. तिची झाडं बघायला मागा, घरात लावलेली असोत की गॅलरीत, माणूस आपल्या झाडांबद्दल बोलायला लागला की त्याचं कसं चाललंय ते आपोआप कळतं, आजारपण, मुलांचं, सगळं त्यातच येतं. आणि ठरलेल्या वेळेला उठा. ती येणार असेल तर तिला सांगा की पायात बंद बूट घाल आणि एक गरम कपडा घे, माळावर वारा असतो.

तिने अचानक नको म्हटलं आणि घरीच बसूया म्हणाली, तर बसा. दगड राहू द्या.

पायरी ७: दगडांपाशी

निघायच्या आधी मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवलेला असावा, अशा जागी रेंज जातेच. गाडीतून उतरताना पूर्ण बाह्या, पूर्ण पँट आणि पँट मोज्यात खोचलेली, कारण उंच गवतात गोचीड असतात आणि काही भागात त्यांच्यापासून आजार होतात. फाटक जसं असेल तसं ठेवा, बंद असेल तर मागे बंद, उघडं असेल तर उघडंच, गुरांना पाण्यापर्यंत जायला ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं. वासरू बरोबर असलेल्या गाईच्या आणि वासराच्या मधून कधीही जाऊ नका, लांबून वळसा घ्या. कुत्रा असेल तर दोरी लावा. पण गाय अंगावर आली तर दोरी सोडून द्या, ती कुत्र्याच्या मागे जाते.

पोचलात की लगेच मध्ये शिरू नका. आधी बाहेरून एक फेरी मारा, सावकाश. जे दिसतं त्याला काय म्हणायचं ते नवीन माणसाला कळत नाही म्हणून थोडक्यात सांगते. एकटा उभा दगड असेल तर तो मेन्हिर. गोलात उभे किंवा मांडलेले असतील तर शिलावर्तुळ, रांगेत असतील तर शिलारांग. दोन-तीन उभ्या दगडांवर आडवी मोठी शिळा, टेबलासारखी, तो डॉल्मेन, आणि तो बहुधा दफनाचा असतो, पूर्वी त्यावर मातीचा किंवा दगडांचा ढीग असायचा तो वाहून गेलेला असतो. हे सगळं एकाच लोकांनी एकाच काळात केलं असा समज असतो, तो काढून टाका. तुर्कस्तानातल्या गोबेक्ली तेपेचे कोरीव खांब सुमारे ११,५०० वर्षांपूर्वीचे आहेत, न्यूग्रेंज सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचं, स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिले ते सुमारे ४,५०० वर्षांपूर्वी, आणि नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळं लोहयुगातली, म्हणजे या सगळ्यांपेक्षा बरीच अलीकडची, त्यातल्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. आणि हे ड्रुइड पुजाऱ्यांनी बांधलं असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या, पण स्टोनहेंज उभं राहिल्यानंतर साधारण दोन हजार वर्षांनी ड्रुइडांचा पहिला उल्लेख सापडतो.

फेरी मारताना तीन गोष्टी बघा. दगड इथलाच आहे की बाहेरून आणलाय, आजूबाजूच्या खडकाशी रंग जुळतो का. स्टोनहेंजचे मोठे दगड सुमारे २५ किलोमीटरवरून आले हे २०२० मध्ये कळलं, छोटे निळसर दगड वेल्समधून, सव्वादोनशे किलोमीटरवरून, आणि मधली आडवी पडलेली शिळा तर स्कॉटलंडच्या ईशान्येकडून, कमीत कमी सातशे किलोमीटर, हे २०२४ मध्ये सिद्ध झालं. चाक नसताना. दुसरं, दगड मूळ जागी आहे का. बरेचसे पुन्हा उभे केलेले असतात. एव्हबरीत सतराव्या-अठराव्या शतकात लोकांनी खाली आग पेटवून दगड तापवले, वर गार पाणी ओतून तडकवले आणि घरं बांधायला नेले, मग १९३० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर काइलर यांनी पुरलेले दगड शोधून पुन्हा उभे केले आणि जिथे दगड उरलाच नव्हता तिथे काँक्रीटचे खांब लावले, ते आजही दिसतात. तिसरं, मान वर करा आणि क्षितिज बघा. दगडांमधली मोकळी फट कुठल्या डोंगराकडे उघडते, सूर्य कुठे चाललाय. न्यूग्रेंजला दारावर एक वेगळी खिडकी आहे आणि वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवसांत सकाळी तिच्यातून ऊन आत शिरतं आणि अगदी आतल्या खोलीपर्यंत पोचतं, साधारण सतरा मिनिटं. १९६७ च्या डिसेंबरात उत्खनन करणारे मायकेल ओकेली एकटे आत उभे राहिले आणि त्यांनी ते बघितलं. त्या सकाळी आत जायला आता सोडत काढून नावं निवडतात.

मग मध्ये जा, बसा, दगडाला टेकून नाही, गवतावर. मैत्रीण असेल तर दोघी गप्प बसा थोडा वेळ.

आता जे करायचं नाही ते. दगडावर चढू नका. खोदकाम नीट दिसावं म्हणून त्यात खडू भरू नका, पाणी ओतू नका, कागद ठेवून पेन्सिलने घासू नका. दगडावर जे पिवळे-करडे-हिरवट डाग दिसतात ते लायकेन असतं, दगडफूल म्हणतो ते त्याच प्रकारातलं, जिवंत असतं आणि त्यातल्या काही जाती वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत, म्हणजे तळहाताएवढा डाग शंभर वर्षांपेक्षा जुना असू शकतो, एका घासण्यात तो जातो. फटीत नाणी खोचू नका, ती गंजतात आणि दगड फुटतो. मेणबत्ती लावू नका, मेणाचा डाग निघत नाही आणि आचेने दगड तडकतो. छोटे दगड एकावर एक रचून ठेवू नका, कारण तुम्हाला जो सुटा दगड वाटतो तो पाच हजार वर्षांपूर्वी मोठ्या दगडाच्या बुडाशी ठोकलेली पाचर असू शकतो. ड्रोनला बहुतेक ठिकाणी परवानगी लागते.

खापराचा तुकडा, गारगोटीचं पातं, मणी, असं काही जमिनीवर दिसलं तर उचलू नका. बाजूला पेन ठेवून फोटो काढा म्हणजे आकार कळतो, फोनवर जागा नोंदवा आणि तिथल्या पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या म्युझियमला पाठवा. वस्तू कुठे आणि कशाशेजारी पडली होती यावरून तिचं वय कळतं, खिशात गेली की ती माहिती गेली. अशा एका जागी एका शाळकरी मुलाने मला हाक मारून तुकडा दाखवला होता, हात मागे बांधून उभा होता तो, शिवला नव्हता. त्याला कुणीतरी नीट शिकवलं होतं.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना दगड मोजायला सांगा, प्रत्येकाने वेगळा आकडा आणला की पुन्हा एक फेरी आपसूक होते.

पायरी ८: परतताना

सूर्य टेकायच्या वीस मिनिटं आधी निघा, उजेड संपल्यावर नाही. मैत्रिणीला घरी सोडा, पुन्हा आत जाऊ नका, तिचा दिवस झालाय. गाडीत बसायच्या आधी बूट पुन्हा घासा. घरी पोचलात की पोचले असा मेसेज करा, अंगावर गोचीड आहे का बघा, गुडघ्यामागे, कानामागे, केसात, असेल तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, तेल किंवा आग लावू नका.

आणि त्याच रात्री, कितीही दमलात तरी, तिचे आणि दगडांचे फोटो तिला पाठवा, खाली एक ओळ लिहून, कुठलं फाटक, किती वाजता, ऊन कुठल्या दगडावर होतं. पुढच्या वेळी तुमच्या दोघींपैकी एकीकडे तरी ते सापडेल.